तार झिजते, तिची नोंद कोण ठेवते?

पिवळ्या बल्बचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे आठवेल. बल्ब उडाला की तो होल्डरमधून काढायचा आणि कानाशी नेऊन हलवायचा. आत किणकिण वाजले की तार तुटली हे नक्की. काही हुशार मंडळी बल्बला हळूच टिचक्या मारत तो फिरवत. तुटलेली टोके एकमेकांना चिकटली तर बल्ब आणखी चार दिवस चाले. पण उडालेल्या बल्बकडे नीट पाहिले, तर आणखी एक गोष्ट दिसत असे. काचेच्या आतल्या अंगाला काळपट डाग पडलेला असे. तो धूर नव्हता. बल्बच्या आत काही जळायला ऑक्सिजनच नसतो. ते टंगस्टन होते. तापलेल्या तारेवरून सुटलेले धातूचे अणू थंड काचेवर जाऊन बसत. तार जेवढी बारीक होई, तेवढी काच काळी होई.

हा जुना हिशेब आज पुन्हा काढण्याचे कारण वेगळे आहे. घरातून तप्त तार जवळजवळ हद्दपार झाली, पण पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत ती अजून आहे. कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे कार्बन नॅनोट्यूब, वाढवण्याच्या एका पद्धतीत ती कामाला येते. तिथेही ती झिजते, ठिसूळ होते, वाकते आणि तुटते. तिथेही तिच्यातला धातू कुठे तरी जाऊन बसतो. फरक एवढाच, की तिथे थंड काचेच्या जागी ज्याच्यावर प्रयोग चालला आहे तो नमुनाच असतो. या झिजेची नोंद मात्र अनेकदा ठेवली जात नाही. ही बाब फक्त तंत्रज्ञांची नाही. नॅनोनळ्या बॅटरीत आल्या आहेत, क्ष-किरण यंत्रांत येऊ पाहत आहेत, आणि त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आरोग्यशास्त्राने गांभीर्याने घेतला आहे. त्यामुळे त्या कशा बनतात आणि बनताना त्यांच्यात काय मिसळते, हे सर्वसामान्य वाचकानेही समजून घ्यायला हवे.

आधी नॅनोनळी म्हणजे काय ते पाहू. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे षट्कोनी जाळीचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. असा एक पापुद्रा गुंडाळून नळी केली, तर ती झाली एकपदरी नॅनोनळी. तिचा व्यास एक-दोन नॅनोमीटर. माणसाचा केस त्याच्या कित्येक हजार पट जाड असतो. एकात एक बसवलेल्या अनेक नळ्या असल्या, तर ती बहुपदरी. १९९१ साली जपानच्या एनईसी कंपनीतील सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे या नळ्या जगाच्या नजरेत आल्या. पण त्याआधीही त्या दिसल्या होत्या. रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ सालीच पोकळ कार्बन-तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. १९७६ साली ओबर्लिन, एंडो आणि कोयामा यांनी आणखी बारीक तंतू दाखवले. त्याच्याही मागे जायचे, तर १८८९ साली अमेरिकेत ह्यूज आणि चेंबर्स यांनी एक पेटंट घेतले होते. लोखंडी मुशीत कार्बनयुक्त वायू तापवून केसासारखे कार्बनचे तंतू वाढवण्याची कृती त्यात होती. त्या काळी हे तंतू हवे होते ते विजेच्या दिव्यांसाठी. म्हणजे दिव्याची तार आणि कार्बनचा तंतू यांचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे.

आज या नळ्या बनवण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे रासायनिक बाष्प निक्षेपण, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘सीव्हीडी’. पट्टीवर लोह, निकेल किंवा कोबाल्टचे अतिसूक्ष्म कण पसरायचे, ती बंद नळकांड्यात ठेवायची, आत मिथेन किंवा ॲसिटिलीनसारखा वायू सोडायचा आणि तापवायचे. वायू फुटतो, त्यातला कार्बन धातूच्या कणावर उतरतो आणि तिथून नळीच्या रूपाने बाहेर पडतो. धातूचा कण हा उत्प्रेरक. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन साध्या भट्टीच्या उष्णतेवर चालते. पण पट्टी फार तापवायची नसेल, किंवा वायू आधीच फोडून हवा असेल, तर पट्टीच्या वर थोड्या अंतरावर धातूची तार ताणून बसवतात आणि तिच्यातून वीज सोडून ती पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवतात. तारेचे तापमान २,००० अंश सेल्सियसच्या आसपास, तर खालची पट्टी त्यामानाने बरीच थंड. १९९८ साली झिफेंग रेन आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या पद्धतीला विद्युत-प्लाझ्माची जोड देऊन काचेवर सरळ उभ्या नळ्यांचे रान उगवून दाखवले. तापमान ६६६ अंशांच्या खाली ठेवले होते, म्हणून काच टिकली. २००६ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या गटाने तप्त तारेची मदत घेऊन बारीक व्यासाच्या एकपदरी नळ्यांचा गालिचा वाढवला.

तार नेमके काय करते? ती फक्त उष्णता देत नाही. हायड्रोजनचा रेणू तिच्या पृष्ठभागावर आदळला की त्याचे दोन सुटे अणू होतात. हे सुटे अणू अत्यंत चपळ. ते नको असलेली काजळी खरवडून काढतात, उत्प्रेरकाच्या कणावरचे ऑक्साइड उतरवतात, मिथेनला तोडतात. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तीही बल्बच्याच अभ्यासातून. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत आयर्विंग लँगम्युअर दिव्याच्या तारेचा अभ्यास करत होते. हायड्रोजनमध्ये टंगस्टनची तार अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता गमावते, हे त्यांनी मोजले आणि त्यावरून हायड्रोजनचे अणू सुटे होत असल्याचे ओळखले. बल्ब काळा का पडतो, याचाही छडा त्यांनी लावला. आतल्या पाण्याच्या वाफेचा नुसता अंश तारेला पोखरतो. वाफेतला ऑक्सिजन टंगस्टनला घेऊन काचेवर जातो, सुटा हायड्रोजन तिथे तो ऑक्सिजन हिसकावून पुन्हा पाणी बनवतो आणि तेच पाणी परत तारेवर येते. पाणी संपत नाही, तार संपते. १९१३ साली त्यांनी बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरून धातूचे उडणे मंद केले. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका कंपनीने आपल्या उडणाऱ्या बल्बचा हिशेब नीट मांडायला माणूस बसवला, त्यातून आलेले हे विज्ञान आहे.

नॅनोनळ्यांच्या भट्टीत तारेची अवस्था बल्बपेक्षा बिकट असते. बल्बमध्ये तिला निदान निष्क्रिय वायूचा आसरा असतो. इथे सभोवती कार्बनयुक्त वायूच आहे. तापलेले टंगस्टन कार्बन शोषून घेते आणि बाहेरून आत कार्बाइड बनत जाते. आधी अर्ध-कार्बाइड, मग पूर्ण कार्बाइड. टंगस्टनची घनता १९.३ आणि टंगस्टन कार्बाइडची सुमारे १५.६, एवढ्या आकड्यांवरूनच हिशेब होतो, की तार संपूर्ण कार्बाइड झाली तर तिचे घनफळ ३० टक्क्यांच्या आसपास वाढते. बाहेरचे कवच फुगते, आतला गाभा अजून धातूच असतो, आणि या ओढाताणीत लांबीच्या दिशेने भेगा पडतात. तार लांब होते, म्हणून मध्ये झोल पडतो. झोल पडला की तार पट्टीच्या जवळ येते. दोघींमधले अंतर मुळात मिलिमीटरमध्ये मोजायचे. त्यात थोडासा फरक पडला तरी मधली पट्टी जास्त तापते आणि कडेची कमी.

कार्बाइड कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळ. तापलेली असताना तार टिकते. थंड करताना किंवा पुढच्या वेळी झाकण उघडताना धक्का लागला, तर तुकडे पडतात. म्हणून जाणते तंत्रज्ञ एकदा कार्बाइड झालेल्या तारेला हात लावत नाहीत. शिवाय कार्बाइडचा विद्युत रोध धातूपेक्षा जास्त. विजेचा प्रवाह तोच ठेवला, तर जसजशी तार कार्बाइड होते तसतशी ती अधिक तापते. दाब तोच ठेवला, तर उलट एकूण शक्ती घटते आणि तार थंडावते. दोन्ही प्रकारांत कालच्या प्रयोगातले तापमान आज राहत नाही.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे तप्त ठिपका. तारेत एखादी जागा किंचित बारीक असली, तर तिथला रोध जास्त. संपूर्ण तारेतून प्रवाह एकच जात असल्याने ती जागा बाकीच्या तारेपेक्षा जास्त तापते. जास्त तापली की तिथला धातू जास्त उडतो, म्हणून ती आणखी बारीक होते, म्हणून आणखी तापते. शेगडीची तुटलेली कॉइल पीळ देऊन जोडली, की पुढच्या वेळी ती बहुधा जोडाजवळच तुटते, हे घरोघरी माहीत आहे; कारण याच कुळातले. गंमत म्हणजे एडिसनच्या काळातील कारागीर हेच तत्त्व उलटे वापरत. कार्बनची तार हायड्रोकार्बनच्या वाफेत तापवली, की बारीक आणि म्हणून तप्त जागी कार्बन जास्त बसे आणि तार एकसारखी होई. त्यांना तारेचा स्वभाव माहीत होता, म्हणून तिच्याकडून हवे ते काम करून घेता आले.

मग चांगली तार का वापरत नाहीत? प्रत्येकीची काही तरी किंमत आहे. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळते, सहज मिळते, पण कार्बाइड होते. टँटलम ३,०१७ अंशांना वितळते. तेही कार्बाइड होते, मात्र त्याचे कार्बाइड ३,८०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते, म्हणून अनेकांची पसंती त्याला. ऱ्हेनियम सर्वसाधारण परिस्थितीत कार्बाइड बनवत नाही, त्यामुळे ठिसूळही होत नाही. पण ते अत्यंत दुर्मीळ आणि महाग. पाण्याच्या बाबतीतही असाच पेच आहे. २००४ साली जपानच्या केंजी हाता यांच्या गटाने वायूत पाण्याच्या वाफेचा अंश मिसळून १० मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचे नळ्यांचे रान वाढवले. पाणी उत्प्रेरकावरची काजळी काढते, म्हणून तो जास्त वेळ जिवंत राहतो. त्यांच्या भट्टीत तप्त तार नव्हती. जिथे टंगस्टनची तार आहे, तिथे हेच पाणी लँगम्युअरच्या बल्बमध्ये केले तेच करणार.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धातूची झीज आणि कार्बन-तंतूंची वाढ या दोन वेगळ्या घटना नाहीत. रसायन उद्योगात ‘मेटल डस्टिंग’ नावाचा रोग माणसाला नॅनोनळ्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. अमोनिया, मिथेनॉल किंवा हायड्रोजन बनवणाऱ्या प्रकल्पांत कार्बनयुक्त वायू वाहून नेणाऱ्या पोलादी नळ्यांचा धातू ४०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात अक्षरशः भुकटी होऊन गळतो. त्या भुकटीत सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनचे तंतू दिसतात आणि त्यांच्या टोकांना धातूचे कण. १९७२ साली ब्रिटनमधील हारवेल येथे आर. टी. के. बेकर आणि सहकाऱ्यांनी असे तंतू निकेलच्या कणांवर प्रत्यक्ष वाढताना पाहिले आणि कसे वाढतात याचे चित्र मांडले. तेव्हा कार्बनचा तंतू हा शत्रू होता. नळ्या वाचवायच्या होत्या. वीस वर्षांनी तोच तंतू हवाहवासा झाला. पण त्यामुळे धातू कार्बनच्या सहवासात खराब होतो, हा निसर्गनियम बदलला नाही. उत्प्रेरकाचा कण कार्बनच्या कवचात गुदमरून निकामी होतो आणि वरची तार कार्बाइड होऊन तडकते. दोन्ही एकाच आगीत.

आता मूळ प्रश्न. तार झिजली तर आपले काय बिघडते?

पहिले बिघडते ते प्रयोगाचे खरेपण. समजा एका विद्यार्थ्याने नव्या तारेवर प्रयोग केला, उत्तम नळ्या मिळाल्या. विसाव्या प्रयोगात नळ्या आखूड आल्या. वायू तोच, दाब तोच, मीटरवर प्रवाह तोच. तो उत्प्रेरकाला दोष देईल, वायूच्या नळकांड्याला देईल, कदाचित आपल्या हातगुणालाही देईल. तापमान दुरून मोजणारा पायरोमीटर त्याला सोडवेलच असे नाही. कारण तार कार्बाइड झाली की तिची प्रकाश फेकण्याची क्षमताही बदलते, आणि तेच तापमान वेगळे दिसू लागते. दुसऱ्या गावातला गट प्रसिद्ध निबंधातील कृती वाचून तोच प्रयोग करू पाहतो. तार किती तास चाललेली होती हे निबंधात लिहिलेलेच नसेल, तर त्याचे महिने वाया जातात. हा पैसा करदात्यांचा असतो, आणि ते वर्ष एखाद्या विद्यार्थ्याच्या पीएच.डी.चे असते.

दुसरे बिघडते ते श्रेय. नॅनोनळ्यांवर आधारित रासायनिक संवेदकांच्या बाबतीत हे घडून गेले आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड ओळखण्याची नळ्यांची क्षमता हा कार्बनचा गुण मानला जात होता. २००६ साली ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने दाखवले, की त्यांनी तपासलेल्या बहुपदरी नळ्यांत ते काम आत राहून गेलेले लोह-ऑक्साइडचे कण करत होते. त्यानंतर इतरही अनेक ‘चमत्कारां’कडे संशयाने पाहिले गेले. तिथे धातू उत्प्रेरकाचा होता. तप्त तारेच्या पद्धतीत धातूचा आणखी एक उगम असतो, आणि तो प्रयोगाच्या साहित्य-यादीत ‘उपकरण’ या सदरात लपलेला असतो. आम्लाने धुऊन नळ्या शुद्ध केल्या म्हणून निश्चिंत होता येत नाही. कार्बनच्या कवचात अडकलेला धातू आम्लाच्या हाती लागत नाही, आणि टंगस्टन तर हायड्रोक्लोरिक आम्लाला सहसा दादच देत नाही.

तिसरे आणि या सदराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आरोग्य. २००८ साली एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पोटातील आवरणावर केलेल्या प्रयोगात लांब आणि ताठ बहुपदरी नळ्यांचा परिणाम ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांसारखा दिसला. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांचा तसा दिसला नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट बहुपदरी प्रकाराला, एमडब्ल्यूसीएनटी-७ ला, ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला’ या २-ब गटात ठेवले. बाकीच्या प्रकारांबद्दल निर्णय देण्याइतका पुरावा नसल्याचे सांगितले. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, २०१३ साली कामगारांसाठी हवेतील मर्यादा सुचवली ती घनमीटरला एक मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या सरासरीने. यावरून प्रत्येक नळी विषारी ठरत नाही. बॅटरीत किंवा प्लास्टिकमध्ये पक्की बसलेली नळी वापरणाऱ्याच्या फुप्फुसात जात नाही. धोका आहे तो मुख्यतः मोकळी भुकटी हाताळणाऱ्याला: कामगाराला, तंत्रज्ञाला, आणि भट्टीचे झाकण उघडणाऱ्या विद्यार्थ्याला.

अशा अभ्यासात नमुन्यातील धातू मोजल्याशिवाय निष्कर्ष काढणे अवघड. फुप्फुसाला सूज आली ती नळीच्या लांबीमुळे, निकेलमुळे, की दोघांमुळे? टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट यांची जोडी तर व्यवसाय-आरोग्यात कुप्रसिद्ध आहे. कठीण धातूची हत्यारे घासणाऱ्या कामगारांना होणारा फुप्फुसविकार या जोडीमुळे ओळखला जातो, आणि कर्करोग संशोधन संस्थेने ही जोडी २००६ साली २-अ गटात ठेवली. कोबाल्टचा उत्प्रेरक आणि टंगस्टनची तार एकाच भट्टीत असतील, तर दोन्ही घटक एका छताखाली आले. प्रयोगशाळेतील मात्रा कारखान्याच्या मानाने अगदी किरकोळ, हे खरे. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मोजण्याचे कारण नक्की आहे, कारण आज प्रयोगशाळेत जी सवय लागेल तीच उद्या कारखान्यात जाईल.

या कथेला एक उपरोधाची किनारही आहे. रुग्णालयातील प्रत्येक साध्या क्ष-किरण नळीत आणि सीटी स्कॅनरमध्ये टंगस्टनची तप्त तार असते. विल्यम कूलिज यांनी १९१३ साली आणलेली ही रचना आजतागायत टिकली. तिथेही तारेचा धातू उडून नळीच्या आतल्या भिंतीवर बसतो, त्यामुळे आत ठिणग्या पडू लागतात, आणि नळी बदलावी लागते. म्हणूनच जाणता तंत्रज्ञ रुग्णाची स्थिती नीट लावून होईपर्यंत बटण अर्धवट दाबून ठेवत नाही. तार उगाच तापत राहिली तर नळीचे आयुष्य घटते. या तप्त तारेला पर्याय म्हणून थंडच राहून इलेक्ट्रॉन फेकणारी नॅनोनळी पुढे आली. २००२ साली नॉर्थ कॅरोलायनातील शास्त्रज्ञांनी अशा नळ्यांच्या आधारे क्ष-किरण प्रतिमा घेऊन दाखवल्या. म्हणजे तप्त तारेचा जाच चुकवण्यासाठी जी वस्तू बनवायची, ती बनवतानाही काही प्रयोगशाळांत तप्त तारच लागते. झीज एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते.

काही जण म्हणतील, एवढा काथ्याकूट कशाला? तार स्वस्त आहे, दर वेळी नवी लावा. हा उपाय वाटतो तेवढा सोपा नाही. नवी तार म्हणजे कोरा धातू. पहिल्या प्रयोगात ती कार्बाइड होत असतानाच नळ्या वाढणार, म्हणजे तिचा रोध आणि तापमान प्रयोगभर सरकत राहणार. शिवाय सुरुवातीला वायूतला बराच कार्बन तारच गिळते. दुसरे काही म्हणतील, तारच नको. तेही शक्य आहे. नागोयात मुकुल कुमार आणि योशिनोरी अँडो यांनी कापरापासून नॅनोनळ्या बनवल्या; मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शॅरन यांनीही कापरातून मिळणाऱ्या कार्बनवर काम केले. त्यात साध्या भट्टीवर भागते. पण तप्त तारेची पद्धत स्वस्त आहे, मोठ्या पृष्ठभागावर चालते आणि बेताचे अनुदान असलेल्या विद्यापीठालाही परवडते. हिऱ्याचे आणि सिलिकॉनचे पातळ थर बनवायलाही ती वापरतात. पुण्यात आणि मुंबईच्या आयआयटीत तप्त तारेने सिलिकॉनचे थर बनवण्यावर संशोधन झालेले आहे. तिथे कार्बाइडच्या जागी तारेवर सिलिसाइड बनते, आणि तेही तारेच्या त्यामानाने थंड टोकांना आधी. म्हणजे हा अनुभव आपल्या दाराशीच आहे. तो वहीत उतरायला हवा.

काय करायला हवे, हे सांगायला मोठ्या समितीची गरज नाही. पहिले, तार हे उपकरण न मानता प्रयोगाचे साहित्य मानावे. ती कोणत्या धातूची, किती जाड, आजवर किती तास तापलेली, प्रयोगाआधी आणि नंतर तिचा रोध किती, याची ओळ प्रत्येक नोंदवहीत आणि प्रत्येक निबंधात असावी. रोध मोजायला साधे मीटर पुरते. तारेची तब्येत सांगणारी ती सर्वांत स्वस्त चाचणी आहे. दुसरे, नवी तार आधी नमुन्याशिवाय कार्बाइड करून स्थिर होऊ द्यावी, झोल पडू नये म्हणून स्प्रिंगचा ताण ठेवावा, आणि तापवणे-थंड करणे सावकाश करावे. तिसरे, उत्प्रेरक न लावलेली कोरी पट्टी ठेवून एक प्रयोग मुद्दाम करावा. त्या पट्टीवर जे धातू सापडतील, ते तारेने किंवा भट्टीच्या भिंतींनी दिलेले, हे लगेच कळेल. चौथे, आरोग्यविषयक चाचणीसाठी नळ्या पाठवताना त्यांच्यातील सर्व धातूंचा तपशील सोबत जावा. फक्त उत्प्रेरकाचा नव्हे. पाचवे, भट्टी कोरड्या फडक्याने पुसू नये आणि झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावे, योग्य गाळणीचा मास्क वापरावा, हवा खेचून घेणाऱ्या कपाटात काम करावे आणि तुटलेल्या तारेचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत.

यातली पाचवी गोष्ट सर्वांत सोपी, आणि म्हणूनच बहुधा तीच राहून जाते. भारतात २००७ साली नॅनो मिशन सुरू झाले, त्यानंतर अनेक महाविद्यालयांपर्यंत हे संशोधन पोहोचले. यंत्रासाठी अनुदान मिळते, उद्घाटनाला पाहुणे येतात. पण गाळण्या, मास्क, सुट्या तारा आणि रासायनिक पृथक्करण यांचा खर्च ‘किरकोळ’ या रकान्यात ढकलला जातो. अनुदान देणाऱ्यांनी हा रकाना मोठा करावा. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला फसलेल्या प्रयोगाबद्दल विचारताना पहिला प्रश्न तारेबद्दल विचारावा. आणि नियतकालिकांच्या संपादकांनी पद्धतीच्या परिच्छेदात तारेचे वय नसेल, तर निबंध परत पाठवावा.

घरातला बल्ब उडाला तर दुकानातून दुसरा आणता येत होता, आणि काचेवरचा काळा डाग पाहून काय झाले तेही समजत होते. प्रयोगशाळेतली तार तुटली तर दुसरी बसवता येते. पण तिचा उडालेला धातू नमुन्यात बसला असेल, तर तो डाग उघड्या डोळ्यांना दिसत नाही. तो नमुना पुढे कुणाच्या तरी निबंधात, कुणाच्या तरी यंत्रात, आणि नळ्यांची भुकटी हाताळणाऱ्या एखाद्या तरुण मुला-मुलीच्या श्वासात जाऊ शकतो. त्यांच्या पालकांनी त्यांना विज्ञान शिकायला पाठवले आहे. त्यांच्या भट्टीतली तार किती तास तापली, एवढे तरी वहीत लिहिलेले असावे.